विरजण लागेपर्यंत

त्या मुलीचं खरं नाव शाळेच्या हजेरीत तेवढं घेतलं जाई. बाकी सगळीकडे ती चौकशी. हे नाव ठेवलं तिच्या दादानं. "स्टेशनावर चौकशीची खिडकी असते ना, तिथं माणसं विचारतात आणि खिडकी सांगते," तो म्हणे. "आमच्या घरची खिडकी उलटी आहे. तीच विचारत सुटते." दादाला स्वतःला घरात बोका म्हणत, कारण लहानपणी सायीच्या पातेल्याजवळ त्याला एकटं सोडायची सोय नव्हती. आता त्याला अठरा पुरी झाली होती आणि दारातून आत येताना वाकावं लागत होतं. नाव मात्र बोकाच राहिलं.

घराला लागूनच त्यांची लहानशी डेअरी होती. वडील दूध आणून तापवत, आई लोणी काढे आणि गिऱ्हाईक सांभाळे. दही लावायचं काम आत्याचं. वडिलांची ही थोरली बहीण, लग्न न करता याच घरात राहिलेली. तिच्या कामाला दुसरं कुणी हात लावत नसे, आणि लावावा असं कुणाला वाटतही नसे, कारण आत्याची जीभ तिच्या दह्यापेक्षा आंबट होती.

मागच्या खोलीत ती दूध कोमट होईपर्यंत थांबे. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघे. मग भांड्याभांड्यात कालच्या दह्याचा एकेक चमचा सोडी, वर फडकी टाकी, घोंगड्यांत गुंडाळी आणि दार ओढून घेई. त्यानंतर घरभर एकच कायदा: विरजण लागेपर्यंत भांडं हलवायचं नाही. त्या खोलीच्या भिंतीवर चेंडू आपटला तरी आत्या बाहेर येई. एकदा चौकशीनं आत नक्की काय चाललंय ते बघायला एक भांडं उचलून तिरकं केलं होतं. सकाळी त्यात खाली फुटके गोळे आणि वर पाणी. "मोडलं," आत्या म्हणाली, आणि ते भांडं तिनं दिवसभर ओट्यावर तसंच ठेवलं, चौकशीला येताजाता दिसेल असं. रागवायची तिची ही पद्धत होती, आणि ती आरडाओरड्यापेक्षा जास्त लागायची.

चौकशी दहा वर्षांची असताना तिच्या पायांवर निळे डाग दिसू लागले. कुठं आपटलीस म्हटलं तर कुठंच नाही. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसे. पण आई खरी घाबरली ती वेगळ्याच गोष्टीनं. पोरगी प्रश्न विचारेनाशी झाली होती.

तपासण्या झाल्या. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीत बसवलं. बाई बुटक्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणाऱ्या.

"रक्त कुठं तयार होतं?" त्यांनी चौकशीलाच विचारलं.

"हृदयात."

"हृदय नुसतं ढकलतं. तयार होतं ते हाडांच्या आत. मोठ्या हाडांमध्ये मऊ, लाल असा मगज असतो. त्यात थोड्याशा मूलपेशी असतात. फार थोड्या, पण सगळं घर त्यांच्यावर चालतं. एका मूलपेशीच्या दोन होतात. एक तशीच मूलपेशी राहते. दुसरी पुढं जाते, पुन्हा पुन्हा वाढते, आणि तिच्यातून रक्ताच्या कामाच्या पेशी होतात. कुणी लाल, ती श्वासातली हवा वाहते. कुणी पांढरी, ती जंतूंशी लढते. कुणी चकतीसारखी, ती जखमेवर बसून रक्त थांबवते. या सगळ्या थोड्या दिवसांच्या पाहुण्या. म्हणून रक्त रोज नवं करावं लागतं."

"रोज?" चौकशी म्हणाली. तिची आई तिच्याकडे बघतच राहिली. किती दिवसांनी तिच्या तोंडून प्रश्न आला होता.

"रोज. तुझ्या हाडांतल्या मूलपेशी जवळजवळ संपल्यात. का संपल्या ते अजून नीट कळलेलं नाही. म्हणून हे डाग, म्हणून हा दम."

"म्हणजे विरजण," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली घेतला. "म्हणजे?"

"आमच्याकडचं विरजण आमच्या आईच्या वेळचं आहे. रोज दही विकतो आणि चमचाभर मागं ठेवतो. ते चमचाभर आहे तोवर दही संपत नाही. हिचा तो चमचाच गेलाय, असंच ना?"

"अगदी असंच," बाई खूश होऊन म्हणाल्या. "आता कुणाकडून तरी चमचाभर आणायचं. पण ज्याचं त्याचं चालत नाही, जुळावं लागतं. सख्ख्या भावंडांचं जुळण्याची आशा सगळ्यांत जास्त."

बोक्याचं जुळलं.

उपमा ही शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या सायकलीसारखी असते. मोठ्या उपयोगाची, फक्त कुठवर न्यायची ते आधी ठरवून घ्यावं. त्या दिवशी सगळे इतके घाबरलेले होते, आणि ती उपमा इतकी हाताशी आलेली होती, की कुणी ते ठरवलं नाही.

चौकशीला वेगळ्या खोलीत ठेवलं. खोलीला एकापाठोपाठ एक दोन दारं. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नसे. आत गाळलेली हवा. बाहेरच्या बाजूला एक मोठी काच, आणि काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक फोन. सोबतीला एकाच माणसाला परवानगी. आईजवळ घरी तान्हं बाळ होतं, म्हणून आत्या आली.

हात कसे धुवायचे ते सिस्टर शिकवायला लागली, तेव्हा आत्यानं कोपरापर्यंत बाह्या सारल्या आणि बोटांच्या बेचक्यांसकट असे हात धुतले की सिस्टर म्हणाली, "मावशी, तुम्हीच आमच्या नव्या मुलींना शिकवा."

"दुधात हात घालणारी बाई आहे मी," आत्या म्हणाली.

एका गोष्टीवरून मात्र पहिल्याच दिवशी वाजलं. खोलीत कच्चं फळ चालणार नाही, फुलं चालणार नाहीत, आणि दही तर मुळीच नाही.

"दही? दह्यानं काय केलंय?"

"त्यात जिवंत जंतू असतात, मावशी."

"असणारच! ते नसतील तर दही कसलं?"

"एरवी चांगलेच असतात. पण हिच्या अंगात आता पहारेकरी कुणीच नाही. चांगला पाहुणासुद्धा घर लुटून जाईल."

आत्याला ते पटलं, पण झोंबलं. "जन्मभर गावाला घातलं," ती पुटपुटली, "आणि घरच्या पोरीला बंदी."

आधी औषधं दिली, उरलासुरला मगज रिकामा करायची; नव्याला जागा हवी म्हणून. चौकशीचे केस गेले. मग एका सकाळी बोक्याला झोपेचं औषध देऊन पालथं घातलं आणि त्याच्या कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढला. दुपारी तो पिशवीतून आला. गडद लाल, रक्तासारखाच. सिस्टरनं पिशवी सळईला टांगली आणि नळी चौकशीच्या गळ्याखालच्या शिरेला जोडली.

"एवढंच?" चौकशी म्हणाली. "हाडात नाही का टोचणार?"

"नाही. इथूनच," सिस्टर म्हणाली. तेवढ्यात बाहेरून कुणी हाक मारली आणि पुढचं राहून गेलं.

थेंब थेंब पडत होता. आत्या उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी पिशवीकडे बघत होती. पिशवी रिकामी झाली. आत्यानं पांघरूण दोन्ही बाजूंनी नीट खोचलं आणि चौकशीच्या कानाशी वाकून म्हणाली, "आता हलू नकोस हं, बाळा. विरजण लागेपर्यंत."

एकदाच म्हणाली. त्या घरातल्या मुलीला एकदा पुरे होतं.

दुसऱ्या दिवसापासून चौकशी उताणी पडून राहिली. कुशीवर वळेना. जेवण आत्या भरवी, तेव्हा ती मान न उचलता तोंड तेवढं उघडी. सिस्टरनं एक खेळण्यासारखं यंत्र आणलं. नळीतून जोरात श्वास आत ओढला की तीन चेंडू वर चढायचे. "फुप्फुसं मोकळी राहतात यानं," सिस्टर म्हणाली. चौकशी म्हणाली, "नंतर." सिस्टर म्हणाली, "बरं, खोलीतल्या खोलीत फेऱ्या तरी मार." चौकशी म्हणाली, "दमलेय." अशा मुलांना थकवा येतोच, म्हणून सिस्टरनं एकदोन दिवस सोडून दिलं.

बोका काचेशी आला. एक हात कमरेवर, चालणं शंभरीच्या म्हाताऱ्यासारखं. आत्यानं फोन चौकशीच्या कानाला लावला.

"दुखतं?" तिनं विचारलं.

"घोड्यानं लाथ मारल्यासारखं. आई जवळ असली की जास्त दुखतं. शिरा मिळतो."

"तू आता आतून पोकळ आहेस?"

"थोडासा काढलाय गं. काही आठवड्यांत भरून येणार."

"कशानं?"

"जे उरलंय त्यानं."

चौकशीनं यावर विचार केला. "मग माझ्यात तुझंच रक्त होणार? म्हणजे मी गणितात नापास होणार?"

"गणित डोक्यात असतं, हाडात नसतं."

"तुझ्या तर दोन्हीकडे नाही."

बोका एवढ्यानं हसला की त्याच्या श्वासानं काच धूसर झाली. ती पुसून तो वाकून बघू लागला. "तू हसताना नुसते ओठ का हलवतेस? सारवलेल्या जमिनीवर निजल्यासारखी काय पडलीयस?"

"काम चाललंय," चौकशी म्हणाली.

त्याला वाटलं, ती थट्टा करतेय.

खोलीत एक पांढरा फळा होता. त्यावर सिस्टर रोज सकाळी पांढऱ्या पेशींचा आकडा लिही. आकडा शून्य होता. तो काही दिवस शून्यच असणार असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. पण मग ताप आला. बाईंनी पाठीला नळी लावून ऐकलं, तर फुप्फुसांच्या खालच्या भागात हवा नीट पोचत नव्हती. जंतूंवरची औषधं लगेच सुरू झाली. बाईंनी चौकशीला पाय उचलायला सांगितला. तिनं उचलला नाही. नजर तेवढी आत्याकडे वळवली. हात उचल म्हटलं, तर बोटं हलवली.

"दुखतंय का कुठं?"

"नाही."

"मुंग्या येतात?"

"नाही."

बाईंचा चष्मा कपाळावर गेला. रक्त थांबवणाऱ्या चकत्या कमी असताना डोक्यात किंवा पाठीच्या कण्यात रक्तस्राव होऊ शकतो. त्यांनी तपासणीसाठी खालच्या मजल्यावर न्यायला सांगितलं. दोन माणसं ढकलगाडी घेऊन आली, चादरीची टोकं धरली आणि "एक, दोन" म्हणाली.

"हलवू नका!" चौकशी किंचाळली. इतके दिवस कुजबुजणारी मुलगी अशी ओरडली की चादर त्या माणसांच्या हातून सुटली. "हलवू नका, मोडेल! आत्या, सांग ना त्यांना, मोडेल!"

"काय मोडेल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

चौकशी रडत होती, आणि रडतानाही मान हलू देत नव्हती. आत्या भिंतीकडे बघत होती.

"मावशी," सिस्टर म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय ते बोला."

आत्या बोलली. थोडक्यातच बोलली, विरजण, भांडं, हलवायचं नाही. बोलताना तिची मान ताठ होती. ढकलगाडीवाल्यांपैकी एकाला हसू आलं. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गाडीसकट बाहेर गेला. आपण स्वतः त्या खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या.

"चौकशी, चूक माझी आहे. विरजण म्हणजे अगदी बरोबर, असं मीच म्हणाले, आणि पुढं बोलले नाही. आता आपण दोघी मिळून बघू, कुठवर बरोबर आहे ते. दादाचा मगज आम्ही कुठं सोडला?"

"शिरेत."

"आणि त्याला पोचायचंय कुठं?"

"हाडात." चौकशीचं रडणं थांबलं. "मग तो हाडात कसा जाणार? नळी तर शिरेतच होती."

"शिरेतून पहिल्यांदा कुठं जाणार?"

"हृदयात?" तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे ते धडधडतं त्यातून? मग तो तर घुसळूनच निघाला!"

"एकदा नाही, कितीतरी वेळा. रक्ताबरोबर अंगभर फिरत फिरत त्या पेशी हाडांपाशी येतात. हाडांतून एक खूण सुटत असते, वासासारखी म्हण. ती ओळखून त्या शिरेच्या भिंतीला चिकटतात, फटीतून अंग चोरून आत शिरतात आणि घर करतात. पहिल्या दिवसातच बऱ्याचशा आत गेल्या असतील. त्यांना कुणी नेऊन ठेवत नाही."

"वास येतो त्यांना? नाक नसताना?"

"नाक नसताना."

चौकशी छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आत्या, दादा तर दिवसभर उड्या मारतो. जिन्यावरून तीन तीन पायऱ्या गाळून उतरतो. त्याचं कधी मोडलं नाही."

आत्या वळली. "बोक्याचं लागलेलं आहे," ती म्हणाली. "एकदा लागलं की भांडं थोडं हललं तरी निभावतं. हिचं अजून लागायचंय. प्रश्न त्या मधल्या वेळेचा आहे."

"बरोबर बोललात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं. त्या उत्तर जुळवत होत्या, पण चौकशी त्यांच्याआधी पोचली.

"आपलं बाळ," ती म्हणाली.

"बाळाचं काय?"

"ते आईच्या पोटात होतं तेव्हा त्याची हाडं नवीनच होत होती ना? त्याचं रक्त पहिल्यांदाच लागत होतं. आणि आई तर दिवसभर वरखाली करत होती. कॅन उचलत होती. तू तिला रागवायचीस." ती थांबली. "त्याचं कुठं मोडलं? केवढ्यानं रडतं ते."

आत्या पलंगाच्या कडेवर टेकली.

"दही घट्ट होतं ना, मावशी," बाई हळूच म्हणाल्या, "ते दुधातले कण एकमेकांना धरून बसतात म्हणून. धक्का बसला की ती पकड सुटते. इथं तसं काही बसायचं नसतं. पेशी एकीच्या दोन, दोघींच्या चार अशा वाढतात. चमचाभरातून पुन्हा सगळं होतं, तिथवर तुमचं बरोबर होतं. धक्क्यानं मोडायचं, एवढं मात्र इथं नाही. उलट पडून राहिल्यानं हिची फुप्फुसं बसायला लागलीत."

"आत्या, तू सांग," चौकशी म्हणाली. "तू ऊठ म्हणालीस तर मी उठते."

आता सगळं आत्यावर आलं. पोरीला उठवावं आणि उद्या विरजण लागलंच नाही, तर? भावाला, भावजयीला, त्या लंगडत चालणाऱ्या बोक्याला काय सांगायचं? दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि आत्याचं तर सगळं आयुष्यच दुधात गेलं होतं.

तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तुम्ही स्वतः बघितलंय? पोरं चालली, फिरली, आणि तरी लागलं, असं?"

"पुष्कळ वेळा."

"आणि नाही लागलं, असं?"

"तेही बघितलंय. चालणाऱ्यांचं आणि न चालणाऱ्यांचं, दोन्ही. लागेलच असं वचन मी देत नाही. हलल्यानं मोडणार नाही, एवढं देते."

आत्यानं मान हलवली. "मग ठीक आहे. माझं कधी मोडतच नाही असं जो म्हणतो, त्याचं दही मी विकत घेत नाही." आणि तिनं खोचलेलं पांघरूण आपल्या हातानं सोडवलं. "ऊठ."

चौकशीनं आधी मान वळवली. मग हात. पलंगावर उठून बसली तेव्हा तिला गरगरलं. पाय जमिनीला लावले तर ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे लटपटले. आत्यानं एका हातानं तिला आणि दुसऱ्या हातानं सलाइनची सळई धरली, आणि दोघी खिडकीपर्यंत जाऊन आल्या. बाईंनी तिचे हातपाय, डोळे सगळं पुन्हा तपासलं आणि खालच्या मजल्यावरची तपासणी रद्द केली.

संध्याकाळी तिनं एक चेंडू वर चढवला. दुसरा अर्ध्यावर जाऊन पडला. "हा आळशी आहे," ती म्हणाली. "बोका नाव ठेवू याचं."

ताप हळूहळू उतरला. पण फळ्यावर शून्यच होतं. सिस्टर सकाळी येई, आदल्या दिवसाचं शून्य पुसे आणि तिथंच नवं शून्य काढी. आत्या चौकशीला उठवी, फिरवी, चेंडू वर चढवायला लावी, आणि आकडा लिहून झाला की एकदा चौकशीच्या पायांकडे बघे, जणू काल चाललेल्या पावलांनीच काही बिघडवलं असावं.

"आत्या," चौकशी एकदा म्हणाली, "तू माझ्याकडे ओट्यावरच्या भांड्यासारखं बघू नकोस."

आत्यानं नजर काढून घेतली. म्हणाली, "भांड्याकडे बघत होते ते तुला रडवायला. तुझ्याकडे बघते ते मलाच रडू येऊ नये म्हणून. फरक आहे."

मग एका सकाळी सिस्टरनं शून्य काढलं, पुढं एक टिंब दिलं, त्यापुढं एक लिहिला. लगेच तो एक पुसला. "प्रयोगशाळेला पुन्हा विचारते," असं म्हणून ती गेली, परत आली आणि एक पुन्हा लिहिला. आत्याला टिंबाचं गणित फारसं येत नव्हतं, पण सिस्टरचा चेहरा वाचता येत होता.

"चुकून असेल," आत्या म्हणाली.

"असू शकतं," सिस्टर म्हणाली. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी आकडा वाढला. त्यानंतर थोडा उतरला, आणि आत्यानं दिवसभर अन्नाला हात लावला नाही. मग तो चढला आणि चढत राहिला. डॉक्टरीणबाई आल्या त्या मोबाइलवर एक फोटो घेऊन. चौकशीच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंग देऊन, सूक्ष्मदर्शकातून काढलेला. फिकट ठिपक्यांच्या गर्दीत एक मोठी, गोल पेशी, आणि तिच्या पोटात जांभळे तीन लाडू एकमेकांना दोऱ्यानं बांधल्यासारखे.

"ही पांढरी?" चौकशी म्हणाली. "ही तर जांभळी आहे."

"रंग आम्ही दिलाय, दिसावी म्हणून. ही नवी आहे. तुझ्या हाडात तयार झालेली."

"पण ती दादाची कशावरून? माझीच एखादी उरलेली असली तर?"

"शाबास. हाच प्रश्न आम्ही प्रयोगशाळेला विचारला. मुलाच्या पेशीत एक खूण असते, ती मुलीच्या पेशीत नसते. तुझ्या नव्या पेशींत जवळजवळ सगळीकडे ती सापडली. त्या बोक्याच्याच. पुढं तुझा रक्तगटसुद्धा हळूहळू त्याचा होईल."

काचेपलीकडे बोका फोन कानाला लावून हे सगळं ऐकत होता. आता तो सरळ चालत होता. "म्हणजे हिच्या अंगात मी आहे!" तो ओरडला. "आता माझ्याशी भांडलीस तर आतून चिमटे काढीन."

"त्या आता माझं काम करतात," चौकशी म्हणाली. "तुझ्याकडे तर नुसत्या बसून होत्या." मग तिला काहीतरी सुचलं आणि ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "तुम्ही म्हणालात, एका मूलपेशीच्या दोन होतात. एक तिथंच राहते आणि एक कामाला जाते. दोघी तर सारख्याच ना? मग कुणी राहायचं आणि कुणी जायचं, ते कोण ठरवतं?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला, खाली घेतला. "थोडं माहीत आहे. आजूबाजूची जागा त्यांना काही सांगते. कधी पेशीच्या आतच ठरलेलं असतं. पण पुरतं उत्तर अजून कुणाजवळ नाही."

"त्यात काय एवढं?" आत्या म्हणाली. ती सळईवरच्या पंपाची वायर गुंडाळत होती. आज त्यांना पहिल्यांदाच दुसऱ्या दारापलीकडे, बाहेरच्या व्हरांड्यात चालायची परवानगी मिळाली होती. "दोन भावंडांत घरी कोण राहतं? ज्याला कुणी विचारत नाही, ते."

बाई हसल्या. बोकाही हसला. चौकशी हसली नाही. ती आत्याकडे बघत होती, फोटोतल्या पेशीकडे बघितलं होतं तशी, डोळे बारीक करून.

"तुला विचारलं असतं, तर?"

आत्याचे हात थांबले. पहिलं दार उघडून सिस्टर वाट बघत उभी होती.

"चल आधी," आत्या म्हणाली. "चालता चालता सांगते."